सरळ रेषेवर भरवसा नाही: सीओटू ते सीओ प्रकल्पाच्या नोंदी

१० मार्च २०२५, नागपूर

रिॲक्टर कुठे बसवायचा हा वाद आज मिटला. खिडकीलगतच्या फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचून टाकणाऱ्या कपाटात) बसणार. सरांचा आग्रह एसीच्या खोलीचा होता, कारण मे महिन्यात ही बाजू नुसती तापलेली असते. पण सीओ, म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड, तयार करणारी यंत्रणा बंद खोलीत ठेवायला मी तयार नव्हते.

काम थोडक्यात असं: कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि हायड्रोजन गरम उत्प्रेरकावरून, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या कॅटॅलिस्टवरून, सोडायचे, बाहेर कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी मिळवायचं. सीओ हाती आला की त्यात हायड्रोजन मिसळून मिथेनॉलकडे जाता येतं, किंवा फिशर-ट्रॉप्श पद्धतीने डिझेलसारख्या इंधनाकडे. अडचण उष्णतेची. ही अभिक्रिया मोलमागे ४१ किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे तापमान जितकं जास्त तितका सीओ जास्त. तापमान खाली ठेवलं तर त्याच गॅसचा कल मिथेनकडे जातो. ती अभिक्रिया १६५ किलोज्यूल सोडते आणि एका सीओटूमागे चार हायड्रोजन खाते. आपल्याला सीओला एकच हायड्रोजन पुरतो, आणि हायड्रोजन हीच यातली महागडी वस्तू. तेव्हा गरमच चालवायचं. आणि गरम चालवलं की कॅटॅलिस्टमधले काही नॅनोमीटरचे धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात (याला सिंटरिंग म्हणतात) आणि त्याचा जोर कमी होतो. दोन वर्षांचं अनुदान या भांडणासाठी आहे.

गॅस अलार्म लावून घेतले. सीओचा ३५ पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३५. त्याची घनता जवळपास हवेइतकी, म्हणून सेन्सर नाकाच्या उंचीला, हायड्रोजनचा छताजवळ. काकांनी दोन्ही एकाच पाइपला शेजारी शेजारी टांगले होते, दिसायला छान दिसत होते. खाली-वर करून घेतले.

१९ मार्च

रिकाम्या नळीचा रन. आमच्या एम.टेक.च्या पोरीला हे पटत नव्हतं: "ताई, कॅटॅलिस्टच नाही तर मोजायचं काय?" ६०० अंशांपर्यंत नेल्यावर जीसीवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ) सीओ दिसला आणि आलेखावर त्याच्यामागे मिथेनचं छोटं टोकही. स्टेनलेस स्टीलच्या नळीतलं निकेल आणि लोखंड स्वतःच उत्प्रेरकाचं काम करतं. असा रन न करता पुढे गेलो असतो तर हा मिथेन कॅटॅलिस्टच्या नावावर चढला असता.

नळी क्वार्ट्झची घेतली, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपललाही क्वार्ट्झचं म्यान. आता ६०० अंशांना दोन्ही टोकं जवळपास गायब. कॅलिब्रेशनचा सीओ ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधला मागवला आहे, कारण लोखंडी सिलिंडरमध्ये दाबाखाली राहिलेला सीओ आयर्न पेंटाकार्बोनिल (लोखंड आणि सीओचं संयुग) घेऊन येतो, आणि ते लोखंड शेवटी जिथे नको तिथे बसतं.

३ एप्रिल

पहिला नमुना चालवला. सिलिकावर कॉपर, साध्या पद्धतीचा: कॉपर नायट्रेटचं द्रावण सिलिकात जिरवायचं, वाळवायचं, भाजायचं, हायड्रोजनमध्ये क्षपण करायचं, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू मोकळा करायचा. कॅटॅलिस्ट ५०० मिलिग्रॅम. मिनिटाला ६० मिलि हायड्रोजन, २० सीओटू, २० नायट्रोजन. तापमान ५०० अंश.

नायट्रोजन नुसता भरीला नाही. अभिक्रियेत पाणी तयार होतं आणि ते बर्फातल्या ट्रॅपमध्ये अडकतं, त्यामुळे बाहेर येणारा कोरडा वायू कमी भरतो. निम्मा सीओटू रूपांतरित झाला तर १०० चे ९० मिलि उरतात, आणि त्यात २० मिलि नायट्रोजन म्हणजे २०ऐवजी २२.२ टक्के. नायट्रोजनचं टोक असं वर सरकलं नाही तर बाकीच्या हिशेबावर विश्वास ठेवू नये. (बर्फ सध्या कोपऱ्यावरच्या रसवंतीतून येतो. बिल कुठल्या खात्यात टाकायचं ते ऑफिसला अजून उमगलेलं नाही.)

७ एप्रिल

रन अजून सुरू आहे. रूपांतर ५० टक्के, पहिल्या दिवशीही ५०, आजही ५०. मिथेन नाही. काका आलेखाकडे बघून म्हणाले, "मॅडम, लाइन तं एकदम सिधी हाय. आता अजून का पायजे?" पोरगी तर खूशच; तिने स्क्रीनचा फोटोही काढला.

मला नेमका तो ५० आकडाच खटकतो. ५०० अंशांना या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण ०.२ आहे (समतोल म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते ती स्थिती). सीओटू आणि हायड्रोजनचं एकास तीन प्रमाण घेऊन गणित केलं, तर समतोलावर सीओटूचं रूपांतर बरोबर ५० टक्के येतं. म्हणजे आम्ही बघतो आहोत ती उष्मागतिकीची मर्यादा. कॅटॅलिस्ट कितीही चांगला असो, त्यापुढे जाणार नाही. आणि तो अर्धा मेला तरी, उरलेला अर्धा तिथवर पोचवायला पुरेसा असेल तर रेषा हलणार नाही. पाच जणांचं काम पन्नास जणांना दिलं, की चाळीस झोपले तरी काम वेळेवरच होतं.

परिषदांमध्ये अशा सरळ रेषा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. 'इतके तास स्थिर' असं खाली लिहिलेलं असतं आणि समतोलाची तुटक रेषा आलेखावर काढलेलीच नसते. ती काढली की अर्ध्या स्लाइड गळतील, असं माझं मत आहे. सर म्हणाले, मत आलेखासोबत मांड.

११ एप्रिल

तोच नमुना, पण फक्त २० मिलिग्रॅम, सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीत मिसळून, म्हणजे नळीत थर नीट बसतो आणि उष्णता एका जागी साठत नाही. प्रवाह तोच. आधी कॅटॅलिस्टच्या ग्रॅममागे ताशी १२,००० मिलि वायू जात होता, आता ३ लाख.

सुरुवातीला १६ टक्के. संध्याकाळपर्यंत १३. दुसऱ्या दिवशी सकाळी ९. पोरगी स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तेव्हाही हे असंच होऊन राहिलं होतं?" हो, तेव्हाही. फक्त दिसत नव्हतं.

२२ एप्रिल

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक तपासणारी चाचणी) आली. ४३.३ अंशांवरचं कॉपरचं टोक ताज्या नमुन्यात पसरट होतं, वापरलेल्यात चांगलं टोकदार. टोक जितकं अरुंद, स्फटिक तितका मोठा. शेररच्या सूत्राने ताजा सुमारे ७ नॅनोमीटर, वापरलेला २०च्या वर. समतोलावर चाललेल्या ५०० मिलिग्रॅमच्या थरातूनही नमुना काढून पाठवला होता, त्याचीही तीच गत. सरळ रेषेच्या आत हे चाललं होतं.

यात आश्चर्य नाही. धातूच्या वितळणबिंदूच्या, केल्व्हिनमध्ये, निम्म्याजवळ गेलं की कणाच्या आतले अणू हलायला लागतात. त्याला टॅमन तापमान म्हणतात. पृष्ठभागावरचे अणू त्याच्याही आधी, साधारण ०.३ पटीला. कॉपर १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे टॅमन तापमान ४०५च्या आसपास. आम्ही ५००वर चालवतो. निकेलचं ५९०, प्लॅटिनमचं ७५०च्या जवळ. मिथेनॉलच्या कारखान्यांत कॉपर-झिंक वर्षानुवर्षं टिकतं ते २५०च्या आसपास चालवतात म्हणून. सीओसाठी तेवढ्या तापमानात भागत नाही.

उपाय दोन दिसतात. कॉपरला असं बांधून ठेवायचं की हलता येऊ नये, किंवा कॉपर सोडून मुळातच न हलणारं काही घ्यायचं. आधी पहिला, कारण तो स्वस्त आहे.

६ मे

अमोनिया पद्धतीने कॉपर फायलोसिलिकेट. कॉपर सिलिकाच्या वर बसत नाही, सिलिकेटच्या पापुद्र्यांत गुंफलं जातं; मग क्षपण केल्यावर जे कण सुटतात ते बारीक असतात आणि त्यांच्याभोवती सिलिकेटची पकड उरते.

कृती कागदावर दोन ओळींची. नागपूरच्या मे महिन्यात तशी नाही. २५ टक्के अमोनियाची बाटली ४४ अंशांच्या दुपारी उघडली तर बूच हातात राहत नाही. सकाळी सातला आलो, बाटली रात्रभर फ्रिजमध्ये होती, तरी झाकण फिरवताना फुस्स झालंच. नायट्रेटच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनिया पडला की आधी गढूळ निळा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून शाईसारखा गर्द निळा रंग. त्यात सिलिका सोल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे बारीक कण. पीएच ११च्या वर. मग ८० अंशांवर ढवळत अमोनिया उडवायचा, पीएच ७पर्यंत. जसा अमोनिया जातो तसं वरचं पाणी फिकट होत जातं आणि निळा रंग घन भुकटीत उतरतो. पाणी निवळ झालं की काम झालं. गाळताना गाळलेलं पाणी निळसर आलं तर तितकं कॉपर हातचं गेलं. आमचं जवळपास निवळ होतं.

वाळवून, ४५० अंशांना भाजून, इन्फ्रारेड चाचणीत सिलिकेटची खूण असलेला, प्रति सेंटीमीटर ६७०च्या आसपासचा पट्टा शोधला. आहे. सिलिकेट झालं आहे, नुसतं मिश्रण नाही.

२२ मे

लाइट गेली. रन चालू असताना, दुपारी, आणि लगेच आली नाही.

झालं ते क्रमाने लिहून ठेवते, कारण पुढे उपयोगी पडेल. वीज जाताच फ्लो कंट्रोलर बंद झाले, म्हणजे तिन्ही गॅस थांबले. भट्टी मात्र तासभर तरी गरम. नळीतला वायू थंड होताना आकसला आणि व्हेंटच्या बाजूने हवा आत ओढली गेली. गरम कॉपरला हवा मिळाल्यावर त्याचं ऑक्साइड होणारच. वीज आल्यावर पोरगी थेट हायड्रोजन सोडायला निघाली होती, तिला थांबवलं: कॉपर ऑक्साइडचं क्षपण उष्णता सोडतं, ५०० अंशांना एकदम हायड्रोजन मिळाला तर कणाचं स्वतःचं तापमान आणखी चढतं आणि उरलंसुरलं चिकटून जातं. आधी नायट्रोजन, २०० अंशांपर्यंत खाली, मग ५ टक्के हायड्रोजनमध्ये सावकाश वर.

काकांनी दोन दिवसांत उपाय केला. नायट्रोजनच्या लाइनवर वीज गेली की उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, व्हेंटवर उलट प्रवाह अडवणारा चेक व्हॉल्व्ह. "आता जाऊ द्या लाइट किती जाते तं," म्हणाले.

पण यावरून एक चाचणीच सुचली. हा हायड्रोजन उद्या सौर विजेवर तयार होणार असेल तर संयंत्र रोज संध्याकाळी थांबेल आणि सकाळी सुरू होईल. नुसते सलग तास मोजून अशा कॅटॅलिस्टबद्दल फारसं कळत नाही. मुद्दाम थांबवून, गार करून, पुन्हा चालवायचे रन यादीत घातले.

१२ जून

फायलोसिलिकेटचे आकडे, ५०० अंश, २० मिलिग्रॅम: १४ टक्क्यांवर सुरू, दोन दिवसांनी साडेबारा. साध्या नमुन्याच्या मानाने फारच बरं. क्रियाशीलता सुरुवातीला थोडी कमी, पण घसरण हळू.

सरांनी मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. कमी रूपांतरावर चाचणी घेतली की तिच्यातही एक सवलत लपलेली असते: पाणी कमी तयार होतं. खऱ्या संयंत्रात थराच्या शेवटच्या भागाला भरपूर वाफ सोसावी लागते, आणि वाफ सिलिकाला सैल करते, कणांची सरकासरक वाढवते. आमच्या २० मिलिग्रॅमला ती वाफ दिसतच नाही.

म्हणून सीओटूची लाइन पाण्याच्या बुडबुड्यातून आत घ्यायची. ३० अंशांच्या पाण्यावर बाष्पदाब सव्वाचार किलोपास्कल, म्हणजे त्या लाइनमध्ये साधारण ४ टक्के वाफ. हे फार कमी. बाथ ६० अंशांवर नेला तर २० टक्क्यांपर्यंत. तिथून रिॲक्टरपर्यंतची सगळी लाइन हीटिंग टेपने गुंडाळायला लागली, नाहीतर पाणी मध्येच थेंब होऊन बसतं आणि मग एकदम उसळून येतं.

वाफेसकट फायलोसिलिकेटची घसरण जवळजवळ दुप्पट वेगाने. तरीही साध्या नमुन्यापेक्षा बरी. हा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

१५ जुलै

विजेच्या क्षेत्रातून निवृत्त झालेले एक अभियंते प्रयोगशाळा बघायला आले. चांगले प्रश्न विचारतात. शेवटचा नेहमीचा: "हे कोराडीच्या चिमणीला लावता येईल का?" नागपुरात हा प्रश्न टळत नाही, कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीजकेंद्रं शहराच्या उत्तरेला उभीच आहेत.

फळ्यावर हिशेब केला. एक टन सीओसाठी १.५७ टन सीओटू आणि सुमारे ७२ किलो हायड्रोजन. पाण्याचं विद्युत विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज, म्हणजे ७२ किलोला पावणेचार हजार युनिटच्या आसपास. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळ एक किलो सीओटू सुटतो. दीड टन जिरवायला साडेतीन टनांच्या वर सोडायचा. कोळशाची वीज वापरून हे काम करणं म्हणजे निव्वळ उलटा धंदा, आणि भट्टीची उष्णता तर मी धरलेलीच नाही.

शिवाय चिमणीतला वायू म्हणजे १२ ते १५ टक्के सीओटू, बाकी बहुतांश नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन, राख आणि सल्फर डायऑक्साइड. ऑक्सिजन आमचा हायड्रोजन जाळेल, गंधक कॉपरला विषासारखं बसेल. आधी सीओटू वेगळा काढून स्वच्छ करावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुमचा कॅटॅलिस्ट हा यातला सगळ्यात सोपा भाग." तसंच आहे. वाईट वाटलं नाही.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत पुतळ्यांची काढतात ती मिरवणूक. अर्धं महाल-इतवारी रस्त्यावर, लॅबमध्ये कोणी येणार नाही असं धरून चालले होते, पण काका मिरवणूक बघून दुपारी आले आणि रिॲक्टरसमोर उभं राहून ओरडले, "सिंटरिंग घेऊन जा गे मारबत!" पोरगी हसून हसून बेजार.

मारबतीने नेलं नाही. ६०० अंशांना फायलोसिलिकेटही टिकत नाही. दुसऱ्या दिवशीच निम्म्याखाली. पकड सैल होते, पापुद्रे कोसळतात, आणि एकदा कॉपर मोकळं झालं की ते कुठलंही कॉपर.

मग दुसरा मार्ग: मॉलिब्डेनम कार्बाइड. त्याचा वितळणबिंदू २६०० अंशांच्याही वर, टॅमन तापमान बाराशेच्या आसपास, त्यामुळे ६००ला ते सहजासहजी हलणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने 'सायन्स' नियतकालिकात घनाकृती मॉलिब्डेनम कार्बाइडवर काम छापलं: ६०० अंश, ५०० तासांच्या वर, उत्पादन फक्त सीओ. कार्बनसाठी त्यांनी चक्क साखर वापरली होती. ते वाचल्यापासून पोरगी साखरेचा डबा घेऊन तयार आहे. आम्ही सध्या केला तो मात्र षट्कोनी प्रकार, मॉलिब्डेट क्षार हायड्रोजन-मिथेनच्या मिश्रणात मिनिटाला एक अंशाच्या गतीने ७००पर्यंत तापवून.

बाहेर काढण्याआधी १ टक्का ऑक्सिजनमध्ये काही तास. ताजं कार्बाइड थेट हवेत आलं तर पेट घेऊ शकतं.

११ सप्टेंबर

कार्बाइड, ६०० अंश, कमी रूपांतर, वाफेसकट. एकास तीन प्रमाणात घसरण नगण्य. मिथेन अगदी सुरुवातीला थोडा, मग नाही. खूश व्हावं असं वाटत होतं, पण हायड्रोजन वाचवायचा म्हणून प्रमाण एकास एक केलं आणि घसरण सुरू झाली. एक्सआरडीत २६ अंशांवर नवं टोक: मॉलिब्डेनम डायऑक्साइड. कण चिकटले नाहीत, पण सीओटू आणि वाफेने कार्बाइडला ऑक्साइड केलं. कॉपर फुगून मरत होतं, हे जळून मरतं. हायड्रोजन परत वाढवल्यावर थोडं सावरलं, पूर्ण नाही.

म्हणजे याला किमान किती हायड्रोजन लागतो ती सीमारेषा काढायची. एकास दीड, एकास दोन असे रन लावले आहेत.

१९ सप्टेंबर

आढावा बैठकीचा तक्ता आला. त्यात रकाना आहे 'स्थिरता (तास)'. एकच आकडा.

सरांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, समितीला एक आकडा लागतो, नाहीतर ती डोळे मिटून पुढच्या पानावर जाते. माझं म्हणणं, एकच आकडा द्यायचा तर पहिल्याच नमुन्याला सगळ्यात चांगला आकडा मिळेल, आणि तो आमचा सगळ्यात वाईट कॅटॅलिस्ट आहे. शेवटी रकाना ठेवला, पण त्याच्या शेजारी चार घातले: समतोलाच्या तुलनेत रूपांतर किती होतं, वाफ किती, हायड्रोजनचं प्रमाण किती, आणि थांबवून पुन्हा चालवल्यावर किती उरलं. घसरण दर १०० तासांना किती टक्के, अशी मांडली. एप्रिलचा पहिला रनही ठेवला. तासांच्या रकान्यात 'समतोलावर, निष्कर्ष नाही'. ती ओळ काढ असं सर दोनदा म्हणाले, मग स्वतःच टाइप करून दिली.

फायलोसिलिकेट ५०० अंशांसाठी पुढे नेणार, सेरिया (सेरियम ऑक्साइड) घालून बघायचं आहे. कार्बाइडचे एकास दोनचे आकडे पुढच्या आठवड्यात. हायड्रोजनचं सिलिंडर ३० बारवर आलं आहे. सोमवारी रन लावायच्या आधी बदलून लीक टेस्ट करायची, काकांना सांगितलं आहे.